तुटक रेषेची चौकट

सोहारला उतरले तेव्हा एप्रिलातच डांबर मऊ झालं होतं.
बंदराच्या रस्त्यावर कंपनी. क्रेन भाड्यानं, परांच्या भाड्यानं,
माणसंही, म्हटलं तर, भाड्यानंच.
माझं काम एवढंच:
कागद कुठून निघतो, कुठे अडतो,
कुणाच्या टेबलावर झोपतो ते शोधायचं
आणि त्याच्या जागी बाण टाकायचे.

पहिल्या आठवड्यात भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या.
खरेदीला अकरा सह्या. डिझेलला सात.
त्यातली एक कशासाठी, कुणालाच आठवेना.
तो माणूस चौदा सालीच केरळात परत गेला होता,
कागद अजून त्याच्या टेबलाला वळसा घालून जायचा,
रस्त्यातल्या थडग्याला गाड्या घालतात तसा.
चिठ्ठी काढली. बाण सरळ झाला.
खोटं कशाला बोलू,
सरळ झालेला बाण पाहून मला अजून बरं वाटतं.

मग रजेचा कागद.
त्याच्या वाटेत हुसैनमियाँ फणसोपकर बसलेले, एकवीस वर्षं,
खुर्चीला उसवलेली उशी, बोटाला शिक्क्याची जांभळी शाई.
"तुम्ही नेमकं काय करता?" मी पेन उघडून विचारलं.
"मी? मी बघतो."
"काय बघता?"
"साहेब जेवलाय का. पोरगा खरं सांगतोय का.
खोटं सांगत असला, तर कशापायी."
मी समभुज चौकोन काढला: हो, नाही.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
"बाय गो, दोनच दारं?
आमच्यात तिसरं पण असतं. जरा बस, चहा घे."

त्यांच्या खणात तीन कोरे फॉर्म,
खाली अरबाबची सही आधीच केलेली.
म्हटलं, हे नियमात बसत नाही.
"नसेल. सतरा जणांच्या आया पोचवल्यात ह्याच्यावर."
आणि खण लावून घेतला.

जुलैत प्रणाली सुरू झाली. केक कापला.
खण रिकामा झाला, उशी कुणीतरी कॅन्टीनमध्ये नेली.

तिसऱ्याच रात्री, दोन वाजता,
करीमनगरचा वेल्डर राजमल्लू. वडील गेले.
रकान्यापुढे लाल तारा: मृत्यूचा दाखला जोडा.
माणूस गेला होता, दाखला अजून जन्मायचा होता.
त्यानं आपल्याच पासपोर्टचा फोटो जोडला, तारा विझला.
अर्ज अरबाबकडे गेला. अरबाब सलालाच्या धुक्यात, फोन बंद.
अठ्ठेचाळीस तासांनी अर्ज आपोआप वर सरकेल, असा नियम.
नियम मीच लिहिला होता. कॉफी पीत.

राजमल्लू पोचला तेव्हा राख गार झाली होती.

हुसैनमियाँ मला काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी चहा मात्र एकच आणला.

मी आकृतीत एक चौकट वाढवली,
तुटक रेषेची, आत काहीच न लिहिता.
मॅनेजर म्हणाला, हे काय?
म्हटलं, रात्रीची सोय.
प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये खुद्द प्रणालीच्या नावाचं एक खातं असतं.
त्याचा पासवर्ड मी
त्यांच्या टेबलामागच्या नमाजाच्या वेळापत्रकाच्या पाठीवर
पेन्सिलीनं लिहिला आणि मस्कतची बस धरली.

जानेवारीत आढाव्याची बैठक, पडद्यावर.
तातडीची रजा: सरासरी एकोणीस मिनिटं.
टाळ्या. फार हुशार आहे म्हणाले, माणूसच लागत नाही.
मी आवाज बंद केला, नोंदी खाली सरकवत राहिले.

अर्जदार: टेकबहादूर, गाव पाल्पा.
मंजूर. वेळ २:४१. मंजूर करणारा: प्रणाली.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जिथे प्रणाली कधीच काही लिहीत नाही:

जा. पोचलास की कळव.
स्वेटर ने, तिकडे थंडी असेल.